चुकून

जाड पुठ्ठ्याचं, लाल कापडी पाठीचं ते रजिस्टर कॅज्युअल्टीच्या टेबलाच्या खालच्या खणात असायचं. वर शाईने लिहिलेलं, एमएलसी. मेडिको-लीगल केस, म्हणजे ज्या रुग्णाची खबर पोलीस ठाण्याला दिलीच पाहिजे असा रुग्ण. ट्रेलरखाली आलेला सायकलवाला, मारामारीत डोकं फुटलेला, धक्क्यावरून पडलेला हमाल, सगळे त्यात. आणि ज्यांनी आपल्याच जिवाचं बरंवाईट करायचा प्रयत्न केला तेही त्यात. प्रत्येक नोंदीला एक रकाना होता, हकिकत. १९८४ च्या जूनमध्ये मी परिचारिका म्हणून रुजू झाले आणि २०२० मध्ये निवृत्त झाले. एवढ्या वर्षांत त्या रकान्यात एक शब्द मी इतक्या वेळा लिहिला की डोळे मिटूनही तो तसाच वळणदार उमटला असता. चुकून.

रुग्ण आत खाटेवर, नातेवाईक दारात. बहुतेक वेळा मोठा दीर नाहीतर सासू पुढे व्हायची. "सिस्टर, चुकून झायला असा लिवा. पोलिसांचा लफरा नको." डॉक्टर मान हलवायचे, मी लिहायचे. तासाभराने हवालदार यायचे, खाटेच्या कडेला स्टूल ओढून जबाब घ्यायचे. घरच्यांनी आधीच कानात सांगितलेलं असायचं, तेच रुग्ण सांगायचा. हवालदारही माणूसच. त्यांनाही पोरीबाळी असायच्या. तेही 'चुकून' लिहायचे आणि खाली अंगठा नाहीतर सही घ्यायचे. सगळ्यांनी मिळून त्या माणसाला वाचवलं, असं मला तेव्हा खरंच वाटायचं.

ज्या रुग्णालयांत या गोष्टी घडल्या त्यांची नावं मी लिहीत नाही. माणसांच्या खुणाही बदलल्या आहेत. पण गाव उरणच आहे, ते बदललेलं नाही, आणि तो शब्दही नाही.

भीती कशाची होती ते सांगायला हवं, कारण नव्या मुलींना आता ते ठाऊक नसतं. इंग्रजांनी १८६० साली केलेल्या भारतीय दंड संहितेत कलम ३०९ होतं. जीव द्यायचा प्रयत्न करणाऱ्याला एक वर्षापर्यंतची साधी कैद. मरण पावला तर कायद्याच्या हाती काही नाही, वाचला तर गुन्हेगार. करंजाच्या कोळीवाड्यातल्या आजीला कलमाचा आकडा माहीत नव्हता, पण वाचलेल्या माणसाच्या मागे पोलीस लागतात हे पक्कं माहीत होतं. म्हणून खरं बोलायचं नाही. आणि खरं न सांगणाऱ्या माणसावर उपचार कसला करणार? पोट धुऊन, सलाईन लावून, तिसऱ्या दिवशी घरी पाठवायचं. 'चुकून' झालेल्या गोष्टीला मनाचं औषध लागत नाही ना.

१९८६ सालचा पावसाळा मला विसरता येत नाही. मिठागरांच्या बाजूच्या एका गावची बाई आली होती, पंचविशीच्या आतबाहेरची. तीन दिवस होती. दुसऱ्या रात्री माझी नाइट होती. ती जागी होती. मी ब्लड प्रेशर घेतलं, उशी नीट केली, "झोप हां, बाय" म्हणाले. ती माझा हात धरून राहिली, थोडा जास्त वेळ. मला कळलं होतं. नर्सला कळतं. पण विचारायचं कसं? विचारलं तर तिच्या मनात नसलेलं येईल, झालेलं पुन्हा आठवेल, जबाब बदलला तर तिच्याच अंगाशी येईल, असं सगळं डोक्यात. मी हात सोडवला आणि पुढच्या खाटेकडे गेले. डिस्चार्ज कार्डवर पुन्हा केव्हा यायचं त्या जागी रेघ होती. दोन महिन्यांनी ती गेली. बाजारात तिच्या जावेनेच मला सांगितलं, आणि सांगताना तीही म्हणाली, चुकून झालं.

योगायोग असा की त्याच वर्षी मुंबईच्या उच्च न्यायालयाने हे कलम ३०९ घटनाबाह्य ठरवलं होतं. न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि न्यायमूर्ती बी. जी. कोळसे-पाटील यांच्यासमोरचा खटला एका पोलीस शिपायाचा होता. रस्त्यावरच्या अपघातात त्याच्या डोक्याला मार लागला, त्यानंतर मनाचा आजार जडला, आणि जिवाचं बरंवाईट करायला निघाल्याबद्दल त्याच्यावरच गुन्हा नोंदला गेला. न्यायालयाने विचारलं ते साधं होतं: जो मरायलाच निघाला आहे त्याला शिक्षेची भीती कशी अडवणार? ज्याचं मन आजारी आहे त्याला तुरुंगाची कोठडी बरं कसं करणार? त्याला डॉक्टर हवा. जबाब घेणाऱ्यांपैकीच एकाच्या खटल्यातून हे निघालं, हे मी पुष्कळ उशिरा वाचलं. वाचताना ते स्टूल ओढणारे हवालदार डोळ्यांसमोर आले.

तो निकाल आमच्या वॉर्डापर्यंत पोहोचलाच नाही. पुढे १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनीही कलम रद्द ठरवलं, आणि १९९६ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ते पुन्हा वैध ठरवलं. २००८ मध्ये विधी आयोगाने ते काढून टाकायची शिफारस केली. या सगळ्या वर्षांत आमच्या रजिस्टरात एकच शब्द चालू होता.

मग रुग्णालयात येण्याआधी आमची माणसं जायची कुठे? भगताकडे. आगरी-कोळी गावांत मन उतरलेल्या माणसाला 'बाहेरचं' झालंय असंच म्हणायचे. मी नर्स, विज्ञान शिकलेली, भगताचं नाव काढलं की माझं डोकं फिरायचं. अजूनही काही गोष्टींनी फिरतं. कितीतरी आजारी माणसांचे महिने वाया गेले, काहींना मारहाण झाली, आणि एखाद्या एकट्या बाईवर करणीचा आळ घालून तिचं आयुष्य नासवलं गेलं. महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला तो उगाच नाही. तरी एक गोष्ट कबूल करायला हवी. भगत समोर बसवून विचारायचा. कधीपासून झोप नाही, घरात कोणाशी बिनसलंय, होडीवर काय झालं. घरच्यांना सगळ्यांना बोलवायचा. आणि निघताना म्हणायचा, पाच गुरुवार यायचं. आमच्या डिस्चार्ज कार्डवर रेघ होती, त्याच्याकडे पाच गुरुवार होते.

दुसरी वाट ठाण्याची. तिथलं मनोरुग्णालय १९०१ सालचं. आमच्या लहानपणी 'याला ठाण्याला पाठवा' ही शिवीच होती, पुण्याकडे येरवड्याची असते तशी. १९१२ च्या इंग्रजी कायद्याला म्हणतातच वेड्यांचा कायदा, आणि त्यात माणसाला आत घालायची वाट मॅजिस्ट्रेटच्या हुकमातून जायची. तो कायदा बदलून नवा आला १९८७ मध्ये. म्हणजे मी नोकरीला लागले तेव्हा माणूस वाचला तर एका कायद्याने गुन्हेगार होता आणि दुसऱ्याने वेडा. या दोन दारांच्या मध्ये कुठेतरी 'माझं मन दुखतंय' असं म्हणायला जागा हवी होती.

ती जागा मुंबईत होती. जे. जे. रुग्णालयात डॉ. मसाणी यांनी १९३८ साली मनोविकारांचा विभाग सुरू केला होता. सर्वसाधारण रुग्णालयातच हा विभाग, म्हणजे ताप आलेला आणि मन खचलेला एकाच फाटकातून आत जाणार. फार मोठी गोष्ट होती ती. आणि जे. जे. आमच्यापासून लांबही नव्हतं. उरणच्या मोऱ्याहून लाँच, तासाभरात भाऊचा धक्का, तिथून जवळच. पण ज्याने ही खेप केली आहे त्याला विचारा. ओहोटीला मोऱ्याला गाळ उघडा पडतो, लाँच धक्क्याला लागत नाही. पावसाळ्यात समुद्र खवळला की फेऱ्या बंद. सोबत एक माणूस हवाच, म्हणजे दोघांची दोन दिवसांची मजुरी गेली. आणि लाँचवर सगळा गाव. "काय गो, मुंबईला? कोनाचा काय?" एवढ्या एका प्रश्नाला भिऊन माणसं पहिल्या खेपेनंतर गोळ्या सोडून द्यायची.

गोळ्यांचंही सांगते, कारण त्यांनी खरंच जीव वाचवले आहेत. माझ्या आईच्या पिढीला या आजाराला औषध असतं हे माहीत असायचं कारणच नव्हतं. शॉक म्हणून सगळे घाबरतात ती विजेची उपचारपद्धती १९३८ साली रोममध्ये सुरू झाली. लिथियमचा उपयोग ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी १९४९ साली दाखवला, आणि नैराश्यावरची पहिली मोठी गोळी, इमिप्रामिन, रोलँड कुन या स्विस डॉक्टरांनी १९५७ साली जगापुढे आणली. शॉकबद्दल सिनेमाने फार नुकसान केलं. भूल देऊन, स्नायू सैल करून तो दिला जातो तेव्हा खाणंपिणं सोडून भिंतीकडे तोंड करून पडलेली बाई दोन आठवड्यांत उठून वेणी घालताना मी पाहिली आहे. भूल न देता शॉक द्यायला २०१७ च्या कायद्याने मनाईच केली. गोळ्यांचा एक धोका मात्र आम्हाला कोणी नीट शिकवला नव्हता. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि मधल्या दिवसांत माणूस एकटा असतो. त्या दिवसांचं काय करायचं, हेच तर सगळं आहे.

आमच्याकडे त्या दिवसांसाठी एक उपाय होता, शपथ. पोराच्या डोक्यावर हात ठेव आणि म्हण, पुन्हा असं करणार नाही. माझ्या गळ्याची शपथ. एकवीरा आईची शपथ. वॉर्डात आयांनी मुलींकडून, बायकांनी नवऱ्यांकडून शपथा घेतलेल्या मी शेकड्यांनी पाहिल्या. आणि वाटायचं, हे आपलं गावंढळ. मग कळलं की १९७३ पासून अमेरिकेतले डॉक्टरही हेच करत होते. रुग्णाकडून कागदावर लिहून घ्यायचे, मी स्वतःला इजा करणार नाही, खाली सही. पुष्कळ वर्षं तो करार चालला. पुढे तपासून पाहिलं तेव्हा त्याने कोणी वाचतं असं काही सिद्ध होईना. मला त्याचं कारण शपथेवरून कळतं. शपथ घेतलेल्या माणसाच्या मनात पुन्हा तो विचार आला की तो कोणाला सांगेल? सांगितलं तर शपथ मोडली. त्याचं तोंड आपणच बंद केलेलं असतं. आमच्या रकान्यातल्या शब्दासारखंच.

खरं बोलायला किती वेळ लागतो याचं मोठं उदाहरण मार्शा लिनेहन या अमेरिकन मानसतज्ज्ञ बाईंचं आहे. वारंवार जिवावर उठणाऱ्या, स्वतःला इजा करणाऱ्या माणसांसाठी त्यांनी एक उपचारपद्धती बसवली, आज जगभर शिकवतात. तिचा गाभा असा की माणसाचं दुःख आहे तसं मान्य करायचं आणि त्याच वेळी त्याला बदलायची कौशल्यं शिकवायची. वादळ कसं सोसायचं, रागाला कसं ओळखायचं, मागायचं कसं. पद्धत गाजली १९९० च्या दशकात. आणि २०११ साली बाईंनी जाहीरपणे सांगितलं की १९६१ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, त्या स्वतःच मनोरुग्णालयात अशा रुग्ण होत्या. सांगायला त्याच रुग्णालयात गेल्या. पन्नास वर्षं! जगाला उपचार शिकवणाऱ्या बाईला खरं सांगायला पन्नास वर्षं लागली, मग माझी मिठागरावरची बाई तिसऱ्या दिवशी कशी सांगणार होती?

या काळात उरणमध्ये काय चाललं होतं तेही डोळ्यांपुढे ठेवायला हवं. मी नोकरीला लागले त्याच वर्षी, १९८४ च्या १६ आणि १७ जानेवारीला जासई आणि परिसरात सिडकोच्या जमीन संपादनाविरुद्धच्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच जण हुतात्मे झाले. दि. बा. पाटलांचं नेतृत्व. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा न्याय मिळाला. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झालं. भातशेती गेली, मिठागरं गेली, खाड्यांत भराव पडला. पैसा आला, घरावर मजले चढले. माणूस जीव देण्याच्या टोकाला एकाच कारणाने येत नाही, हे मला छत्तीस वर्षांनी शिकवलं आहे, म्हणून 'जमीन गेली म्हणून' असं मी कधी म्हणत नाही. पण सकाळी उठून जायला शेत नाही, बापाचा धंदा पोराला येत नाही, दारू मात्र हाताशी आहे, अशी घरं वॉर्डात दिसायला लागली. आणि त्यांच्या हकिकतीच्या रकान्यात तोच शब्द.

अशा माणसाला ऐकणारं कोणीतरी हवं असतं, आणि फोनची गोष्ट इथेच येते. लंडनमध्ये चॅड व्हारा नावाच्या पाद्र्याने १९५३ साली चर्चमध्ये एक फोन ठेवला आणि जाहीर केलं, जीव द्यावासा वाटत असेल तर आधी मला फोन करा. त्याच्या मनात एक चौदा वर्षांची मुलगी होती. पहिल्यांदा आलेली पाळी म्हणजे घाणेरडा रोग असं समजून घाबरून तिने जीव दिला होता. तिला मूठमाती देताना व्हारा अगदी तरुण होता. त्याच्या ऑफिसात फोनची वाट बघत लोक बसायचे, आणि तिथे चहा देणाऱ्या साध्या स्वयंसेवकांशी बोलूनच पुष्कळ जण हलके होऊन निघून जायचे. त्यावरून त्याला कळलं की ऐकणारा माणूस डॉक्टरच असला पाहिजे असं नाही. चेन्नईत डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी १९८६ मध्ये 'स्नेहा' सुरू केली, आणि आपल्या नवी मुंबईत १९९८ पासून 'आसरा' आहे. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या आयपीएच या संस्थेने १९९० पासून मनाच्या आरोग्याबद्दल मराठीत, घरातल्या भाषेत बोलायला सुरुवात केली.

पण १९९८ मध्ये उरणच्या पोरीने फोन कुठून करायचा? घरात फोन नाही. नाक्यावर पिवळ्या पाटीचं एसटीडी-पीसीओ. काचेचं दार, ते कधी पूर्ण लागत नसे. लाल आकड्यांचं मीटर डोक्यावर पळतंय, बाहेर दोघं रांगेत, आणि बूथवाला तिच्या चुलत्याचा मित्र. तिथून 'मला जगावंसं वाटत नाही' असं कोण म्हणेल? हातात स्वतःचा मोबाइल आला तेव्हा कुठे आमच्याकडे हेल्पलाइनला अर्थ आला. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये टेलिमानस सुरू केलं, नंबर १४४१६. चोवीस तास, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. हा नंबर मी आता लग्नाच्या हळदीतही सांगते.

मला विचारायला शिकवलं एका प्रशिक्षणाने. निवृत्तीला सातआठ वर्षं राहिली होती. शिकवणाऱ्या मॅडमनी फळ्यावर एकच वाक्य लिहिलं: जीव द्यावासा वाटतो का? म्हणाल्या, असंच विचारायचं, या शब्दांत. आडून आडून नाही. 'काही वेडंवाकडं तर मनात नाही ना' असं विचारलं की समोरचा 'नाही' म्हणतो, कारण तुम्हाला 'नाही'च ऐकायचंय हे त्याला कळतं. आणि विचारल्याने मनात नसलेलं येत नाही, याचा अभ्यास झालेला आहे. उलट माणसाला सुटल्यासारखं वाटतं. मी मागच्या बाकावर बसले होते. सव्वीस वर्षांपूर्वीचा तो हात माझ्या मनगटावर होता. चहाच्या सुट्टीत मी बाहेर जाऊन रडले.

त्याच प्रशिक्षणात जेरोम मोटो हे नाव ऐकलं. सॅन फ्रान्सिस्कोचे मनोविकारतज्ज्ञ. रुग्णालयातून सुटल्यावर पुढचे उपचार नाकारणारी ८४३ माणसं त्यांनी घेतली, दोन गट केले. एका गटाला पाच वर्षं अधूनमधून पत्रं पाठवली. दोनचार ओळी, तुमची आठवण आहे, कसे आहात, वाटलं तर कळवा. काही मागायचं नाही, उपदेश नाही. पहिल्या दोन वर्षांत पत्रं मिळालेल्या गटातली माणसं कमी दगावली. कल्पना त्यांना युद्धात सैनिक असताना सुचली होती, घरून एका मुलीची पत्रं यायची तेव्हा. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने पाच शहरांत हेच मोठ्या प्रमाणावर केलं. त्यांत आपलं चेन्नई होतं. वाचलेल्या १,८६७ माणसांपैकी निम्म्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्यांशी घरी जाण्याआधी तासभर नीट बोलायचं, आणि मग दीड वर्षात नऊ वेळा भेट नाहीतर फोन. पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या आठवड्याला, मग चौथ्या, सहाव्या, बाराव्या, अठराव्या महिन्याला. २००८ मध्ये निकाल आला. नेहमीच्या उपचारांत २.२ टक्के माणसांनी पुढे जीव दिला, नऊ भेटींच्या गटात ०.२ टक्के.

नऊ भेटी. मला भगताचे पाच गुरुवार आठवले.

कायदा बदलला तो त्या प्रशिक्षणानंतर काही वर्षांनी. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सालचा, अमलात आला २०१८ च्या मध्याला. त्याच्या कलम ११५ ने सांगितलं की जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याच्यावर खटला चालवायचा नाही, आणि त्याची काळजी घेणं, उपचार करणं, पुन्हा असं होऊ नये म्हणून बघणं हे सरकारचं काम. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तीत जुनं ३०९ नाहीच. पण कायदा दिल्लीत बदलतो, जीभ घरात बदलते. २०२२ या एका वर्षात देशात १,७०,९२४ माणसांनी जीव दिला, त्यातली २२,७४६ महाराष्ट्रातली, सगळ्या राज्यांत जास्त. यातल्या कितींना कोणी आधी सरळ विचारलं होतं?

त्याच २०१८ च्या जुलैमध्ये, मासेमारी बंद असतानाच्या दिवसांत, करंजा बाजूचा एक खलाशी आला. चाळिशीतला. होडी किनाऱ्यावर ओढलेली, हातात काम नाही, डोक्यावर देणं. त्याचा भाऊ दारातच म्हणाला, "सिस्टर, चुकून झायला असा लिवा." मी पेन खाली ठेवलं. भावाला म्हटलं, "दादा, आता गुन्हा नाही हा. तुम्ही जरा चहा घेऊन या." तो गेल्यावर स्टूल ओढलं, हवालदार ओढायचे तसंच, आणि विचारलं, "जीव द्यावासा वाटत होता का?" त्याने वर पंख्याकडे बघितलं. बराच वेळ. मग म्हणाला, "चुकून नाय, सिस्टर." आणि बोलत राहिला. भाऊ दोनदा चहा घेऊन आला आणि दोनदा मी त्याला बाहेर बसवलं.

डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, पनवेलच्या मनोविकारतज्ज्ञांची तारीख घेतली. डिस्चार्जच्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून एक कागद लिहिला. शपथेचा नाही. अमेरिकेतल्या बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या दोघांनी करारनाम्याऐवजी हा सुरक्षा आराखडा बसवला, सहा पायऱ्यांचा. मी केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहीत गेले, तो सांगत गेला. एक, वाईट दिवस येतोय हे कशावरून कळतं? पहाटे तीनला जाग येते, घरात कोणाचा आवाज नको होतो. दोन, तेव्हा एकट्याने काय करतोस? जाळं शिवायला घेतो, हात चालले की डोकं थांबतं. तीन, कुठे जाऊन बसतोस? जेट्टीवर, पोरं गळ टाकून बसतात तिथे, दिवसा. चार, कोणाला सांगशील? इथे तो अडला. बायकोला नाही, ती घाबरते. भावाला नाही. मग म्हणाला, होडीवरच्या तांडेलाला. माझ्या वडिलांच्या वयाचा आहे, तो ऐकून घेतो, ओरडत नाही. पाच, वॉर्डचा फोन आणि डॉक्टरांचा. सहा, घरातल्या धोक्याच्या वस्तू कोणाच्या ताब्यात? बहिणीच्या. ती शेजारच्याच आळीत. तिला त्याच दिवशी बोलावून घेतलं, त्याच्यासमोर सांगितलं. तिने एकही प्रश्न न विचारता मान हलवली आणि त्याच्या केसांवरून हात फिरवला.

या सहाव्या पायरीवर मी फार भर देते. वाईट घटका ही घटकाच असते, ती टळली तर पुष्कळ माणसं पुढे आयुष्यभर जगतात. श्रीलंकेने सर्वांत घातक कीटकनाशकांवर एकामागून एक बंदी घातली, आणि १९९५ नंतरच्या वीस वर्षांत त्या देशातलं जीव देण्याचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आलं. माणसं तीच, दुःखं तीच. हात पोहोचायला वेळ लागला, एवढंच.

नऊ तारखा मी माझ्या डायरीत लिहिल्या. कोणी सांगितलं नव्हतं, वेगळा भत्ता नव्हता. दुसऱ्या आठवड्याला त्याने फोन उचलला नाही. मी ड्युटी संपवून रिक्षाने गेले. घरी होता, दाढी वाढलेली. आम्ही ओटीवर बसलो, काही विशेष बोललो नाही, सुकट निवडत होती त्याची बायको, तिला मी मदत केली. सातव्या आठवड्याला होड्या पाण्यात होत्या आणि तो समुद्रावर होता, तांडेलाने फोनवर सांगितलं. बाराव्या महिन्याला गोळी निम्मी झाली होती. मध्ये एकदा, पहाटे साडेतीनला, त्यानेच वॉर्डच्या फोनवर फोन केला होता. माझी नाइट नव्हती. ज्या मुलीची होती तिने पावणेपाचपर्यंत त्याच्याशी बोलणं चालू ठेवलं, तिलाही आम्ही शिकवलं होतं.

अठरावा महिना आला २०२० च्या जानेवारीत. मी करंजाच्या जेट्टीवर गेले. थंडी होती, रेवसची लाँच नुकतीच सुटत होती. तो होडीत पाय सोडून बसला होता, मांडीवर जाळं. मला बघून उठला आणि शर्टाच्या खिशातून पाकीट काढलं. आत, होडीच्या कागदांबरोबर, प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेला तो केसपेपर. घड्यांवर फाटत आलेला, एका कोपऱ्याला तेलाचा डाग. म्हणाला, "सिस्टर, तुमी आता रिटायर व्हनार म्हनतात. मंग यो नंबर कोनाचा?"

मी पेन काढलं. वॉर्डच्या फोनशेजारी माझा घरचा नंबर लिहिला. त्याने तो मोठ्याने वाचून दाखवला, एक आकडा चुकला होता, तो मी खोडून पुन्हा लिहिला.